स्नायूंच्या संशोधनाचा निधी कोणाच्या खात्यावर यावा?

प्रौढ माणसाच्या वजनातला सुमारे ४० टक्के वाटा हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो, आणि तरीही आपल्या रुग्णालयांत स्नायूंचा म्हणून वेगळा विभाग नसतो. हाड मोडले की रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञांकडे जातो, साखर वाढली की फिजिशियनकडे, हातापायांना मुंग्या आल्या की मेंदूविकारतज्ज्ञांकडे; पण पन्नाशीनंतर मांडीचे आणि पाठीचे स्नायू वर्षागणिक थोडे थोडे झिजत जातात, त्याची नोंद सहसा कोणाच्याच केसपेपरवर होत नाही. असा रुग्ण फिजिओथेरपी विभागात पोहोचतो तोवर बहुधा एकदा तरी पडलेला असतो. मी नाशिकमध्ये फिजिओथेरपीचे अध्यापन करते, आणि सध्या वेगवेगळ्या विद्याशाखांतील सहकाऱ्यांबरोबर स्नायूंच्या आरोग्यावरील एका संयुक्त संशोधनासाठी विद्यापीठीय अनुदानाचा प्रस्ताव तयार करते आहे. या कामात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. असे संशोधन खरोखर संयुक्त होणार की नावापुरते, हे अनुदानाच्या आकड्यावरून फारसे ठरत नाही. ती रक्कम कोणाच्या खात्यावर, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या खर्चासाठी येते यावरून ते ठरते. ही गोष्ट सविस्तर मांडण्यासाठी हे लिहीत आहे.

आधी विषयाबद्दल थोडे. वयोमानाने होणाऱ्या स्नायुक्षयाला 'सार्कोपेनिया' हे नाव अमेरिकन पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सुचवले, आणि अमेरिकेतील रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र संकेतांक मिळायला २०१६ साल उजाडले. मधल्या काळात युरोपातील तज्ज्ञगटाने २०१० मध्ये आणि आशियातील तज्ज्ञगटाने २०१४ मध्ये निदानाचे निकष ठरवले. आशियाई गटाच्या २०१९ च्या सुधारित निकषांनुसार मुठीची पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असेल, तर ताकद घटली असे मानतात. हातांचा आधार न घेता खुर्चीतून सलग पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागणे, तसेच चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी असणे, ही हालचालीची क्षमता उतरल्याची लक्षणे धरतात. या चाचण्यांना लागते काय, तर पकड मोजणारा डायनॅमोमीटर, एक खुर्ची, मोजपट्टी आणि स्टॉपवॉच. स्नायूंचे प्रत्यक्ष वस्तुमान मोजायचे असेल तेव्हा डेक्सा (क्ष-किरणांनी मोजणाऱ्या) किंवा बायोइम्पीडन्स (सौम्य विद्युतप्रवाहाने मोजणाऱ्या) यंत्राची गरज पडते, आणि खर्चाचा प्रश्नही खरा तिथेच सुरू होतो.

आपल्याकडे हा विषय केवळ म्हातारपणाचा नाही. जेवणानंतर इन्शुलिनच्या प्रभावाखाली रक्तातली साखर उचलून घेण्याचे काम मोठ्या प्रमाणात स्नायू करतात, त्यामुळे स्नायू कमी असलेल्या शरीरात मधुमेहाला वाट लवकर मिळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनमधील डॉक्टर जॉन युडकिन यांच्यासह २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचे प्रमाण अधिक अशी ही भारतीय ठेवण जन्माच्या वेळीच दिसते, हे पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून सुरू असलेल्या माता-पोषण अभ्यासातून पुढे आले. एवढे मूलभूत काम आपल्याच राज्यात झालेले असताना, त्याची पुढची कडी म्हणून उत्तर महाराष्ट्रातल्या कष्टकरी माणसांच्या स्नायूंचे काय होते, हे पद्धतशीरपणे मोजायला हवे असे मला मनापासून वाटते.

आमचा प्रश्न नाशिकच्या मातीतलाच आहे. निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांमध्ये एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी, त्यानंतर फुटींची विरळणी, घडांची डिपिंग, थिनिंग आणि मग काढणी अशी कामे वर्षभर चालू असतात, आणि त्यासाठी पेठ, सुरगाणा भागातून मजुरांच्या टोळ्या येतात. मांडवाखाली मान वर करून, हात खांद्याच्या वर धरून तासन्‌तास कात्री चालवणे हे काम आहे. या स्त्रियांच्या पंजांची पकड तिशीत उत्तम असते. पण आमच्या विभागात येणाऱ्या साठीतल्या स्त्रियांकडे पाहिले की मांडीची ताकद मात्र फार आधी उतरलेली जाणवते. दिंडोरीकडच्या एका मावशींना मी खुर्चीतून हात न लावता उठायला सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, हाताला काम सांगा, पायाला नका सांगू." आयुष्यभर शरीरश्रम केलेल्या माणसाचे स्नायू उतारवयात टिकायला हवेत असा आपला समज असतो. श्रम भरपूर पण आहारात प्रथिने कमी, आणि श्रमही एकाच पद्धतीचे, अशा स्थितीत हा समज कितपत खरा ठरतो, हे तपासण्यासाठी जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा नाशिक जिल्हा अधिक योग्य जागा आहे, असे मी म्हणेन.

प्रथिनांचा हिशेब तर साधा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली, तर वृद्धांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये १ ते १.२ ग्रॅम सुचवले. ४५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी पहिला आकडा सुमारे ३७ ग्रॅम होतो आणि दुसरा ४५ ते ५४ ग्रॅम. नागलीची भाकरी, उडदाचे किंवा कुळथाचे कालवण आणि हंगामात मिळेल ती भाजी या आहारातून यातले किती पदरात पडते, हे आहारतज्ज्ञाने घरात बसून, भाकरी तोलून, पाहायला हवे. छापील प्रश्नावली भरून घेतल्याने ते कळणार नाही.

म्हणजे या एका प्रश्नाला फिजिओथेरपिस्ट हवा, शरीरक्रियाशास्त्राचा अध्यापक हवा, वैद्यकशास्त्राचा डॉक्टर हवा, आहारतज्ज्ञ हवा, आयुर्वेदातील मांसधातूचा विचार जाणणारा वैद्य हवा, मापनयंत्रे बनवू शकणारा अभियंता हवा, आणि पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर लोक ज्यांच्यावर विश्वास ठेवतात त्या आशाताई हव्यात. नाशिकचे भाग्य असे की यातल्या अनेकांना एका छत्राखाली आणणारी संस्था इथेच आहे. म्हसरूळला मुख्यालय असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ च्या कायद्याने स्थापन झाले आणि आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, फिजिओथेरपी अशा सगळ्या शाखांची राज्यभरातील महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. मात्र अभियांत्रिकी महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत, शेतीचे ज्ञान राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे, आणि १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच असले तरी कायद्याने वेगळे. विद्यापीठांच्या बीजअनुदानाचे (संशोधनाच्या सुरुवातीसाठीच्या छोट्या अनुदानाचे) नियम बहुधा आपल्याशी संलग्न असलेल्या अध्यापकांपुरतेच आखलेले असतात. परिणामी अभियंत्याचे नाव प्रस्तावात सहसंशोधक म्हणून येते, पण त्याच्या वाट्याला रुपया येत नाही.

निधी वाटला गेला नाही तर काय बिघडते, हे पकड मोजण्याच्या अगदी साध्या कृतीवरून स्पष्ट होईल. जगभर प्रामुख्याने दोन प्रकारचे डायनॅमोमीटर वापरले जातात. हायड्रॉलिक प्रकाराचे यंत्र रुग्णाला बसवून, कोपर ९० अंशांत वाकवून वापरतात. स्प्रिंगचे यंत्र उभे राहून, कोपर सरळ ठेवून वापरतात. हँडल कोणत्या खाचेत ठेवले, किती वेळा दाबायला सांगितले, "जोर लावा" हे शब्द कोणत्या आवाजात उच्चारले, यावरही आकडा बदलतो. एका महाविद्यालयाने बसवून मोजले, दुसऱ्याने उभे करून मोजले, तिसऱ्याचे यंत्र दोन वर्षांत एकदाही कॅलिब्रेट झाले नाही, म्हणजे त्याची अचूकता तपासलीच गेली नाही, तर तिन्ही ठिकाणचे आकडे एका तक्त्यात घालण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. हे टाळायचे असेल तर मोजणाऱ्या सर्वांना एकत्र बोलावून प्रशिक्षण द्यावे लागते, एकाच माणसाची पकड सगळ्यांकडून मोजून फरक तपासावा लागतो, यंत्रे ठरावीक काळाने कॅलिब्रेशनसाठी पाठवावी लागतात. या सगळ्याला पैसा लागतो, तोही थोडाच. पण अंदाजपत्रकाच्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नसतो. 'उपकरणे', 'उपभोग्य वस्तू', 'प्रवास', 'आकस्मिक खर्च' असे रकाने असतात. मापनातील एकवाक्यता कोणत्या रकान्यात लिहायची?

या एकवाक्यतेतून काय हाती लागते, याची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्युअर' या बहुराष्ट्रीय अभ्यासात भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड एकाच पद्धतीने मोजली गेली. पकडीत दर ५ किलोंची घट झाली की मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि मृत्यूचा अंदाज बांधण्यात पकड ही वरच्या रक्तदाबापेक्षाही अधिक उपयोगी ठरली. आपल्या देशात मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या 'लासी' या वार्धक्यविषयक पाहणीत ७२ हजारांहून अधिक लोकांचा समावेश होता आणि त्यातही पकड मोजली गेली. महागडे यंत्र यांपैकी कोणत्याही अभ्यासाच्या केंद्रस्थानी नव्हते. हातात मावणारे एक उपकरण, ठरलेली पद्धत आणि ती काटेकोरपणे पाळणारी शिकवलेली माणसे, एवढ्यावर हे ज्ञान उभे राहिले.

झीज मोजून पुढे करायचे काय, असा प्रश्न निधी देणारे विचारतात आणि तो रास्तच आहे. त्याचे उत्तर १९९० मध्येच मिळालेले आहे. मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधील वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे वजनाचा व्यायाम दिला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला त्यांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय 'स्प्रिंट' चाचणीत ११ देशांतील १,५०० हून अधिक वृद्ध सहभागी होते. त्यांतील अधिक दुर्बल व्यक्तींत चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण व्यायाम आणि आहाराचे मार्गदर्शन मिळालेल्या गटात ४६.८ टक्के, तर तुलनेच्या गटात ५२.७ टक्के होते. दुसरा फरक लहान वाटेल, पण चालता येणे आणि न येणे यांतला फरक घरातल्या सुनेला विचारावा. स्नायू कोणत्याही वयात प्रतिसाद देतो, ही बाब आता वादातीत आहे. आपल्याकडच्या आहारात, आपल्याकडच्या घरात, जिममध्ये न जाता, पाण्याच्या कळशीने किंवा वाळूच्या पिशवीने हा व्यायाम कसा द्यायचा, हे शोधायचे आहे.

आता पैशाच्या वाटेकडे येते. नेहमीची वाट अशी असते: अनुदान मंजूर झाल्याचे पत्र प्रमुख संशोधकाच्या संस्थेला येते, पहिला हप्ता त्या संस्थेच्या खात्यावर जमा होतो, बाकीच्या संस्थांनी कोटेशन आणि बिले पाठवून त्या खात्यातून रक्कम मागायची असते. वर्षअखेर उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब गेल्याशिवाय दुसरा हप्ता निघत नाही. हिशेबाच्या शिस्तीला माझा मुळीच विरोध नाही. सार्वजनिक पैसा आहे, त्याचा हिशेब चोख द्यायलाच हवा, आणि केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांप्रमाणे अनुदानावरचे व्याजसुद्धा परत करावे लागते हेही योग्यच आहे. अडचण आहे ती वेळेची. रक्कम जानेवारी-फेब्रुवारीत हाती येते आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. त्या दोन महिन्यांत द्राक्षांची काढणी जोरात असते, मजूर बागेतून हलू शकत नाहीत, आणि त्या थकलेल्या दिवसांत घेतलेली पकड वर्षभराची पकड नसते. त्यांना त्यांच्या गावी, निवांतपणे, घरच्यांच्या देखत भेटायचे तर भात-नागलीची लावणी आटोपल्यावर आणि गोडी छाटणीला टोळ्या निघण्याआधी, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात भेटावे लागते. तेव्हा खात्यात पैसे नसतात. मग मार्चमध्ये काय होते? यंत्र खरेदी होते, कारण यंत्र लवकर खरेदी करता येते. माणूस लवकर नेमता येत नाही, शिकवता तर त्याहून येत नाही.

एका जुन्या संयुक्त प्रकल्पात मी सहसंशोधक होते. निधी दुसऱ्या संस्थेकडे होता, आणि आमच्याकडे मोजमाप करणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्टचे मानधन अनेक महिने अडकले. तिथल्या लेखा विभागाचीही बाजू होती. त्यांच्या दृष्टीने आमची कर्मचारी त्यांची कर्मचारी नव्हती, तिला मानधन कोणत्या आदेशाने द्यायचे हा त्यांचा प्रश्न खरा होता. शेवटी ती मुलगी खासगी दवाखान्यात नोकरीला लागली आणि तिच्याबरोबर तिचा सरावाचा हातही गेला. नव्या माणसाने घेतलेली मापे पहिल्या मापांशी जुळवताना जे कष्ट पडले, ते मंजुरीपत्रातील एका वाक्याने वाचले असते. तेव्हापासून माझे मत आहे की सहभागी प्रत्येक संस्थेचा वाटा मंजुरीच्या वेळीच स्वतंत्रपणे लिहावा, तो थेट त्या संस्थेच्या खात्यावर द्यावा, आणि हिशेबाची जबाबदारीही त्या त्या संस्थेवर टाकावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुकेंद्री प्रकल्पांत प्रत्येक केंद्राचे अंदाजपत्रक वेगळे मांडण्याची पद्धत आहे. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठाननेही 'पेअर' योजनेत एक आधारसंस्था आणि तिच्याशी जोडलेल्या अनेक संस्था अशी रचना स्वीकारली आहे. राष्ट्रीय पातळीवर जे करता येते, ते विद्यापीठाच्या काही लाखांच्या बीजअनुदानात करणे अवघड असू नये.

बीजअनुदानाचे महत्त्व मला याच कारणासाठी मोठे वाटते. मोठ्या राष्ट्रीय निधीसाठी अर्ज करताना परीक्षक पहिला प्रश्न विचारतात की प्राथमिक माहिती कुठे आहे, आणि ती गोळा करायला राष्ट्रीय निधी सहसा मिळत नाही. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात स्नायूंच्या आरोग्यासाठी स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. ब्रिटनमध्ये वार्धक्यातील हाडे आणि स्नायूंसाठी बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम या दोन विद्यापीठांचे एक संयुक्त केंद्र उभे राहिले, तर लिव्हरपूल, शेफील्ड आणि न्यूकॅसल या तीन विद्यापीठांचे दुसरे. त्यांना तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने आणि संधिवातासाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेने मिळून पैसा दिला. नाशिकला उद्याच केंद्र हवे असे मी म्हणत नाही. पण डेक्सा यंत्र प्रत्येक महाविद्यालयाने मागण्याऐवजी शहरातल्या ज्या रुग्णालयात ते आधीच आहे तिथे ठरावीक दिवशी तपासणीचे दर ठरवून घ्यावेत, आणि वाचलेला पैसा माणसांवर खर्च करावा, एवढे तर आजही शक्य आहे.

आमच्या प्रस्तावात आम्ही म्हणून अंदाजपत्रकाचा सर्वांत मोठा भाग माणसांच्या मानधनासाठी मागितला आहे. त्यात दोन संशोधन सहायक आणि एक आहारतज्ज्ञ आहेत, आणि पाड्यांवरच्या आशाताईंना त्यांच्या वेळेचा मोबदला आहे, जो अनेकदा 'आकस्मिक खर्चा'त ढकलला जातो. नैतिकता समितीची मान्यता प्रत्येक महाविद्यालयाकडून वेगवेगळी घेण्यात महिने जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बहुकेंद्री अभ्यासाला एका मुख्य समितीकडून समाईक परीक्षणाची मुभा दिली आहे, तिचा लाभ घ्यायचे ठरवले आहे. सामंजस्य करारात माहितीची मालकी आणि शोधनिबंधावरील नावांचा क्रम आधीच लिहिला आहे, कारण संयुक्त कामे पैशाने जितकी अडतात तितकीच या दोन गोष्टींनी अडतात. आशियाई निकष प्रामुख्याने पूर्व आणि आग्नेय आशियातील लोकांच्या मापांवर बेतलेले आहेत. स्त्रियांच्या पोटरीचा घेर ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास सार्कोपेनियाचा संशय घ्यावा असे ते सांगतात. बारीक चणीच्या, पण डोंगर सहज चढणाऱ्या सुरगाण्याच्या स्त्रीला हा निकष लावला तर ती निरोगी असूनही रुग्ण ठरेल की काय, ही शंका आमच्या चर्चेत सतत येत राहिली, आणि तिचे उत्तर शोधणे हा प्रस्तावाचा एक स्वतंत्र भाग केला आहे.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. अभियांत्रिकीच्या सहकाऱ्यांना कमी खर्चात, मराठीत सूचना देणारा आणि आकडा थेट नोंदवणारा डायनॅमोमीटर बनवायचा आहे, पण त्यांचे विद्यापीठ वेगळे असल्याने त्यांचा वाटा आमच्या अनुदानातून देता येत नाही. दोन्ही विद्यापीठांनी समान रक्कम घालून एकच निधी करावा आणि एकाच परीक्षण समितीने प्रस्ताव तपासावेत, अशी विनंती आम्ही लेखी करत आहोत. तोवर सर्व महाविद्यालयांच्या मोजणाऱ्यांचे प्रशिक्षण गोडी छाटणीच्या आधी उरकायचे आहे, आणि त्यासाठी उसनी यंत्रे, एक मोठी खोली आणि त्या दिवशी आपली पकड पुन्हा पुन्हा मोजून घ्यायला तयार असलेले साठीपुढचे काही नाशिककर आम्हाला हवे आहेत.